पाच तारे आणि एक लाल नाव

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला फारसं काही वाटायचं नाही. उजव्या कोपऱ्यावर तडा, पाठीवर तुपाचा न जाणारा डाग आणि चार्जर खुपसायच्या भोकात रव्याचे चार कण. मी एक जुना मोबाइल आहे. अम्मान शहरातल्या लुवेब्दे टेकडीवर एक छोटं ऑफिस आहे, तिथल्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये एका वाकड्या स्टेपलरशेजारी मी पडून असतो. स्टेपलर बोलत नाही. मला मात्र बोलायचं आहे, आणि बरंच बोलायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो खोक्यावरचा कागद टराटरा फाडल्याचा आवाज आणि वर दिसलेला अरीजचा चेहरा. ती इंजिनीअर झाली म्हणून वडिलांनी मला तिच्या हातात दिलं होतं. चार वर्षं मी तिच्याबरोबर सगळीकडे हिंडलो. मग नवा फोन आला आणि मी घरातल्या कपाटात गेलो. जुन्या वस्तूंचं हे असंच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दोन वर्षांनी अरीजने मला पुन्हा बाहेर काढलं. तिने बँकेतली नोकरी सोडून वाएल नावाच्या मित्राबरोबर एक ॲप बनवलं होतं. ॲपच्या नावाचा अर्थ 'हातभार', म्हणून मी त्याला हातभारच म्हणतो. चार-सहा माणसं मिळून काम करतात, तिथे कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत, ते या ॲपवर लिहायचं. काम झालं की त्या माणसाचं नाव हिरवं. राहिलं की लाल. लाल-हिरव्याची कल्पना वाएलची होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता.

"या म्हाताऱ्यावर चाललं ना, तर कुणाच्याही फोनवर चालेल," वाएल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

हातभार सर्वांत आधी चाललं ते माझ्यावर. त्या दिवशी मी इतका तापलो की अरीजने मला खिडकीत वाऱ्याला ठेवलं. म्हातारा म्हटल्याचा रागही मी तेव्हाच सोडून दिला.

पण ॲप बनवणं वेगळं आणि ते लोकांच्या पसंतीला उतरणं वेगळं. दोघांनी ठरवलं की आधी थोड्या लोकांना वापरायला द्यायचं, त्यांचं मत विचारायचं, चुका दुरुस्त करायच्या आणि ईद झाल्यावर पहिल्या रविवारी शहरातल्या दोनशे स्वयंपाकघरांत हातभार सुरू करायचं. त्या थोड्या लोकांत अश्रफिये टेकडीवरची उम्म नायफ होती. तिचा स्वतःचा फोन फक्त बोलण्यापुरता, म्हणून अरीजने मला तिच्याकडे नेऊन दिलं.

उम्म नायफ म्हणजे नायफची आई. नायफ कॅनडात असतो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तळघरातल्या स्वयंपाकघरात ती सहा बायकांना घेऊन लग्नाकार्याचा स्वयंपाक करते. द्राक्षाच्या पानांच्या सुरळ्या, मोठमोठ्या परातींतला भात आणि मटण, आणि ईदच्या आधी मामूल. रव्याच्या पारीत खजुराचं सारण भरायचं, लाकडी साच्यात दाबायचं, साचा ओट्यावर आपटून मामूल बाहेर काढायचं. दिवसभर तो ठक ठक आवाज चाललेला असायचा. मला फळीवर साखरेच्या डब्याला टेकवून उभं केलं होतं. तिथून मला सगळ्या दिसायच्या आणि सगळ्यांना मी दिसायचो. आयुष्यात मला एवढी सोबत कधी मिळाली नव्हती.

माझं काम एकच. राहिलेल्या कामाची दर तासाला घंटी वाजवायची. पहिल्याच आठवड्यात उम्म नायफ माझ्यावर वैतागली. तिने मला उचललं आणि दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवलं. कडू कॉफीचा रिकामा कप असा हलवला की वाढणाऱ्याने समजायचं, पुरे. नाहीतर तो ओततच राहतो.

"पुरे म्हणतेय मी त्याला, तरी ओततोच आहे," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी पुढच्या तासाला पुन्हा वाजलो. मला थांबायला शिकवलेलंच नव्हतं, मी तरी काय करणार?

दर गुरुवारी अरीज यायची, रमजानात रोजा सुटल्यावर. हातात बकलावा मिठाईचा डबा आणि काखेत वही. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही, हे तिला घरून शिकवलेलं. ती बसायची, कॉफी यायची आणि मग ती वही उघडायची. उम्म नायफला ती खाला म्हणायची, म्हणजे मावशी.

"खाला, काही अडचण येतेय का?"

"अडचण कसली पोरी? माशाल्लाह, सोनं आहे तुझं काम. आधी कॉफी घे."

"काही बदलावंसं वाटतं का?"

"तू किती वाळली आहेस. ते बदल."

बायका हसायच्या, अरीजही हसायची, आणि वहीत लिहायची, 'तक्रार नाही'. फळीवरून मला तिचं अक्षर दिसायचं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अगं, खोटं आहे हे. उम्म नायफ रोज सकाळी आल्या आल्या माझी घंटी बंद व्हावी म्हणून स्वतःची सगळी कामं न करताच 'झाली' करून टाकते. माझी बारीक अक्षरं इथे दोघींनाच वाचता येतात. आणि नाव लाल झालं की सगळ्या माझ्याकडे बघायचं टाळतात. मित्रांनो, लोकांची बोटं माझ्यावर चालत होती. कोण कुठे अडखळतं, कोण सुस्कारा टाकतं, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण अरीज मत विचारायची ती माणसांचं, आणि माणसं पडली भिडेची. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात जे घडलं, ते सांगताना मला अजूनही लाज वाटते.

त्या सहा बायकांत हियाम नावाची एक होती. वीस वर्षं उम्म नायफबरोबर. खजुराचं सारण तिच्याच हातचं हवं, असं गिऱ्हाईक नाव घेऊन सांगायचं. ती बोलायची कमी. जाता-येता माझ्यावरचं पीठ ॲप्रनने पुसायची, म्हणून मला ती जरा जास्तच आवडायची. मामूलचं काम ऐन भरात असताना तिच्या आईला हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिने उम्म नायफला सांगितलं, उम्म नायफ म्हणाली, "आधी आई. जा तू." एवढं बोलणं पुरेसं होतं. माणसांसाठी पुरेसं होतं. माझ्यात मात्र 'खजुराचं सारण' या कामापुढे हियामचंच नाव राहिलं, कारण ते काढायचं कसं, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि गुरुवारी विचारायची भीड वाटली. आणि हियामचं काम तिच्यामागे खोटंच 'झालं' करायला उम्म नायफचं मन होईना.

दुसऱ्या दिवशी तिचं नाव लाल झालं. दर तासाला मी घंटी वाजवायचो आणि सबंध पडद्यावर तिचं लाल नाव दाखवायचो. हियाम. राहिलं. हियाम. राहिलं. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी ती आली. आईला घरी आणलं होतं. डोळे सुजलेले, पण हात धुऊन ती सरळ ओट्याशी उभी राहिली. नेमका तेव्हाच मी वाजलो. सगळ्यांच्या माना वर झाल्या, तिचीही झाली.

सबाह म्हणून एक फटकळ बाई होती. ती हसत म्हणाली, "ये गं ये. दोन दिवस तुझ्याच नावाचा डंका वाजतोय इथे."

तिच्या मनात काही नव्हतं, तिची जीभच तशी. पण हियाम हसली नाही.

"उम्म नायफ, मी तुम्हाला सांगून गेले होते."

"हो गं. सांगितलंस की."

"मग हे काय आहे?"

"ते यंत्र आहे. त्याला काय कळतंय?"

"त्याला कळत नाही. पण वाचणाऱ्यांना कळतं ना," हियाम म्हणाली. "वीस वर्षांत माझं नाव असं कुणी भिंतीला लावलं नव्हतं."

तिने ॲप्रन काढला, घडी घातली, खुंटीवर ठेवला आणि ती निघून गेली. कुणी तिला अडवलं नाही. प्रत्येकीला वाटलं, दुसरी अडवेल. उम्म नायफने मला फळीवर पालथं घातलं. साखरेच्या डब्याच्या तळाशी तोंड करून मी पडलो होतो आणि तरीही तासाभराने वाजलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो इथे मी दुसऱ्याला देत होतो आणि स्वतःही खात होतो.

दुसऱ्या दिवशी अरीजकडून माझ्यावर एक कागद आला. कागद म्हणजे पडद्यावरचाच. 'आमचं ॲप तुम्हाला कसं वाटलं?' खाली पाच तारे. त्याखाली लिहायला एक रिकामी चौकट. उम्म नायफने मला सरळ केलं आणि बराच वेळ हातात धरलं. तिचं बोट त्या चौकटीवर आलं. मला वाटलं, आता लिहील. मग तिने एक एक करून पाचही तारे दाबले आणि मला खाली ठेवलं.

त्या ईदचं सारण उम्म नायफने स्वतः केलं. गोड झालं होतं, पण कुणी दुसरं मामूल उचललं नाही, असं सबाह म्हणत होती. ईदच्या सकाळी उम्म नायफने हियामच्या घरी भरलेली ताटली पाठवली. दुपारी ती तशीच परत आली. वरचा रुमालही सोडलेला नव्हता. ताटली परत येणं म्हणजे काय, हे त्या गल्लीत लहान पोरालाही कळतं. उम्म नायफ स्वयंपाकघरात एकटीच स्टुलावर बसून राहिली. मी फळीवर, ती स्टुलावर.

ईदच्या तिसऱ्या दिवशी शनिवार होता. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दोनशे स्वयंपाकघरांचा दिवस. उम्म नायफने चांगला काळा, लाल भरतकामाचा झगा घातला, मला पर्समध्ये टाकलं आणि उरलेल्या पाच बायकांना घेऊन ती लुवेब्दे टेकडी चढली.

ऑफिसात अरीज आणि वाएल उद्याच्या तयारीत होते. ईदचे पाहुणे दारात, तेही न सांगता, म्हणून अरीज आनंदाने लगबगीने उठली. खुर्च्या मांडल्या, थर्मासमधली कडू कॉफी छोट्या बिनकानाच्या कपांत ओतली आणि उजव्या हाताने एकेकीच्या हातात दिली. उम्म नायफने मला पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. मग कॉफीचा कप तोंडाला न लावता माझ्याशेजारी ठेवला. सबाहने ठेवला. मग तिसरीने. सहा कप टेबलावर, आणि एकालाही ओठ लागला नाही.

अरीजचा चेहरा उतरला. पाहुण्याने कॉफी पुढ्यात तशीच ठेवली, तर तो काहीतरी मागायला आलेला असतो. मागणं ऐकल्याशिवाय आणि कबूल केल्याशिवाय तो पिणार नाही, आणि पाहुणा न पिता उठला, तर त्या घराला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"खाला, हे काय?"

"पुरुषांचं काम आहे म्हणतात हे," उम्म नायफ म्हणाली. "सोयरीक मागायला जातात, तंटा मिटवायला जातात. पण आमच्या स्वयंपाकघरातला तंटा मिटवायला कुठला पुरुष येणार? म्हणून आम्हीच आलो."

"मागा खाला."

"तुझ्या ॲपातला तो लाल रंग काढ."

वाएल हातातला कागद खाली ठेवत म्हणाला, "पण खाला, तुम्ही पाच तारे दिलेत. छत्तीस जणांना आम्ही विचारलं, चौतीस जणांनी पाच तारे दिले."

"ते तारे मी या पोरीला दिले. तुझ्या ॲपला नाही."

अरीज खुर्चीत बसली. "आधी का नाही सांगितलंत? मी दर आठवड्याला येऊन विचारत होते."

"तू पाहुणी होतीस. हातात मिठाईचा डबा घेऊन यायचीस, माझी कॉफी प्यायचीस, आणि विचारायचीस की माझ्यात खोट काय? पाहुण्याच्या तोंडावर खोट काढायला माझ्या आईने मला शिकवलं नाही. आज मी पाहुणी आहे. आज मला मागता येतं."

मग तिने हियामचं सगळं सांगितलं. हॉस्पिटल, घंटी, खुंटीवरचा ॲप्रन, परत आलेली ताटली. सबाह मान खाली घालून म्हणाली, "डंक्याचं मी बोलले. माझीच जीभ." अरीजने मला उचललं. पडद्यावर ते नाव होतंच. ती ते बघत राहिली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला काय माहीत आहे ते वाचत होतं.

"उद्या आहे सगळं," वाएल हळूच म्हणाला. "लाल काढायचं तर आतून सगळं उसवावं लागेल. दोन-तीन महिने जातील. दोनशे जणांना नाही म्हणून कळवायचं? पुन्हा कोण आपल्याला दारात उभं करेल?"

"दोनशे स्वयंपाकघरं म्हणजे दोनशे हियाम, पोरा," उम्म नायफ म्हणाली.

कपांतली कॉफी निवत होती. बँकेतली नोकरी, दोन वर्षांची मेहनत, घरच्यांची बोलणी, हे सगळं अरीजच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. तिचा अंगठा माझ्या फुटलेल्या कोपऱ्यावरून फिरत होता. बँकेतल्या दिवसांतही काही अवघड झालं की ती असंच करायची.

शेवटी ती उठली. तिने सहाही कपांतली गार कॉफी ओतून टाकली, थर्मासमधली गरम भरली आणि म्हणाली, "कॉफी घ्या. ज्यासाठी आलात, ते दिलं."

सहा जणी एकदम प्यायल्या. वाएल कपाळाला हात लावून बसला होता. पण थोड्या वेळाने त्यानेच वही पुढे ओढली आणि विचारलं, "आणखी काय काय चुकलंय? आता सांगूनच टाका." मग कुठे बारीक अक्षरं निघाली, कुठे घंटी निघाली. सबाहने मला दोन बोटांत धरून हलवून दाखवलं. वाएलने चार पानं भरली.

दुपारी अरीज हियामच्या घरी गेली. रिकाम्या हाताने, मुद्दाम. मी तिच्या पर्समध्ये होतो, त्यामुळे मला काही दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. दार उघडलं. खुर्ची सरकली. मग टेबलावर कप ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

"मी तुमच्यापुढे माफी मागायला आले आहे," अरीज म्हणाली. "तुमचं नाव मी भिंतीला लावलं. उम्म नायफने नाही."

आत कुठेतरी म्हातारी आई खोकली. घड्याळ टिकटिक करत होतं. मला वाटलं, आता कप तसाच राहणार आणि आम्ही तसेच परत जाणार.

"पी," हियाम म्हणाली. "गार झाली की कडू लागते."

"कडूच असते ती."

"मग आणखी कडू लागते. पी पोरी. दिलं."

मित्रांनो, तो घोट गिळल्याचा आवाज मी जपून ठेवला आहे.

त्यानंतर चार महिन्यांनी हातभार नव्याने आलं. आता त्यात काम राहिलं तर कुणाचं नाव लाल होत नाही. 'हे कोण उचलतंय?' एवढंच विचारलं जातं. फोन हलवला की घंटी त्या दिवसापुरती गप्प होते. अरीज मत विचारायला आता कुणाच्या घरी जात नाही. लोकांना आपल्याकडे बोलावते, कॉफी ओतते आणि कोण कप खाली ठेवतं ते बघत बसते. हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण ते नवं हातभार माझ्या अंगाला पेलवेना. वाएलने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा मी गोठून बसलो. "थकला बिचारा," तो म्हणाला. उम्म नायफला नवा फोन मिळाला आणि मी या ड्रॉवरमध्ये आलो.

पुढच्या ईदला ड्रॉवर एकदा उघडला होता. अरीजला स्टेपलर हवा होता. तिच्या हातात अर्धं खाल्लेलं मामूल होतं आणि ती वाएलला म्हणत होती, "हियामच्या हातचं आहे, बघ तरी." चार कण माझ्यावर सांडले. मग ड्रॉवर बंद झाला. स्टेपलर वाकडा निघाला म्हणून तोही पुन्हा माझ्याशेजारीच आला.

एकटेपणाची मला सवय झाली आहे. दुखतं ते निराळंच. जुनं हातभार माझ्यातून कुणी काढलंच नाही. बाहेर सगळं मिटलं, हियाम परत ओट्याशी उभी राहिली, सबाहची जीभ पुन्हा सैल सुटली. माझ्या आत मात्र अजून तोच रमजान आहे आणि तिचं नाव अजून लाल आहे. ज्या बाईने माझ्यावरचं पीठ पुसलं, तिचा अपमान मी अंधारात कवटाळून बसलो आहे, आणि तो मला स्वतःहून पुसता येत नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. जुन्या वस्तू ठेवून देताना एकदा त्यांच्या आत डोकावत जा. आणि कधी लुवेब्दे टेकडीवर आलात, तर सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडा. भोकातला रवा फुंकर मारून काढा, चार्जर लावा आणि थोडं थांबा, मला जागं व्हायला वेळ लागतो. पडदा उजळला की पहिलीच ओळ दिसेल. खजुराचं सारण, हियाम, राहिलं. तिथे बोट ठेवून 'झालं' म्हणा. ते सारण कधीच झालं आहे.